भुतांचे पत्ते

मराठी शाळेत सातवीत शिकणाऱ्या, बऱ्यापैकी वाचणाऱ्या मुलाला बॅन्शी म्हणजे काय ते विचारून पाहा. हॅरी पॉटर वाचून झालं असेल तर तो सांगेल : आयर्लंडमधली बाई, ती रात्री आक्रोश करते आणि घरात कुणीतरी जाणार हे कळतं. त्याला लेप्रकॉन माहीत असतो. केल्पीही माहीत असते. स्कॉटलंडच्या तळ्यांतला घोडा, पाठीवर बसवून घेतो आणि खोल पाण्यात शिरतो. आता त्याच मुलाला विचारा, 'आसरा म्हणजे काय?' तो म्हणेल, 'आधार, निवारा.' फार तर वाक्यात उपयोग करून दाखवेल.

हा प्रश्न मी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या, डोंगराला टेकून असलेल्या गावांमधल्या मुलांना अनेकदा विचारला आहे. त्यातल्या काही शाळांपासून हाकेच्या अंतरावर ओढ्याच्या डोहाशी सात दगड मांडलेले होते. दगडांवर शेंदूर होता, पुढ्यात हिरव्या बांगड्या होत्या. मुलं रोज त्यांच्यावरून ये-जा करतात. 'ते काय आहे?' या प्रश्नाचं उत्तर मात्र 'देव' एवढंच. कुठला देव, त्या सातच का, बांगड्या कशासाठी, बाजूचा आठवा दगड कुणाचा, यातलं काही नाही.

यावर आपल्याकडे एक ठरलेली हळहळ आहे. इंग्रजी माध्यम, मोबाइल, पाश्चात्त्य संस्कृतीचं आक्रमण वगैरे. मला ती मान्य नाही. बॅन्शीने आसरेला हाकलून लावलेलं नाही. बॅन्शी आपल्या मुलापर्यंत पोचली, कारण तिच्या माणसांनी तिला नीट लिहून ठेवलं. आसरा पोचली नाही, कारण आपण तिला लिहिलं नाही. आणि जिथे लिहिलं तिथे बहुतेक वेळा तिचा पत्ता गाळून लिहिलं. पत्ता गाळल्याने काय बिघडतं, आणि ते आत्ताच का दुरुस्त करायला हवं, एवढंच मला इथे मांडायचं आहे.

आधी आयर्लंडचं सांगते, कारण आपल्याला वाटतं की त्या लोकांच्या परीकथा आपोआप जगभर पसरल्या. तसं झालेलं नाही. १९३५ साली तिथल्या सरकारने आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन केला. देश गरीब होता, नुकता स्वतंत्र झालेला होता, आणि आयरिश भाषा बोलणारी म्हातारी पिढी झपाट्याने संपत होती. १९३७ ते १९३९ या काळात आयोगाने एक अतिशय साधी गोष्ट केली. सुमारे ५,००० प्राथमिक शाळांमधल्या वरच्या वर्गातल्या मुलांना वह्या आणि विषयांची यादी दिली आणि सांगितलं : घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा, आणि ते सांगतील ते लिहून आणा. टेकडीवर कोण राहतं, कुठल्या दगडाला हात लावायचा नाही, कुठल्या वाटेने रात्री जायचं नाही, ते सगळं. त्यातून मुलांच्या वह्या आणि बांधीव खंड मिळून सुमारे ७ लाख ४० हजार पानं जमा झाली. ती आज इंटरनेटवर कुणालाही वाचता येतात. प्रत्येक नोंदीला शाळेचं नाव आहे, गाव आहे, बहुतेक ठिकाणी लिहिणाऱ्या मुलाचं आणि सांगणाऱ्या माणसाचं नाव आहे.

म्हणजे पत्ता आहे.

स्कॉटलंडमध्ये एडिंबरा विद्यापीठाने १९५१ साली यासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि टेपरेकॉर्डर घेऊन माणसं पाठवली. तिथल्या डोंगरांमध्ये कॅलिअख नावाची एक म्हातारी आहे. तिच्या पाठीवरच्या टोपलीतून दगड सांडले आणि त्यांचे डोंगर झाले, अशी गोष्ट. ती नुसती 'एक म्हातारी' राहिली नाही. अमुक डोंगर तिचा, तमुक तळं तिच्या हलगर्जीपणामुळे भरलं, हे गाववार नोंदलेलं आहे. बेन मॅकडुई या स्कॉटलंडमधल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावर एक मोठा करडा माणूस राहतो म्हणतात. त्याची कीर्ती झाली ती नॉर्मन कॉली या माणसामुळे. कॉली लंडनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते आणि नाणावलेले गिर्यारोहक होते. १८९१ साली त्या शिखरावरून एकटे उतरताना धुक्यात त्यांना मागून पावलांचा आवाज येऊ लागला. त्यांच्या तीन-चार पावलांमागे एक, इतक्या लांब टांगा टाकत कुणीतरी चालत होतं. प्राध्यापकसाहेब जीव घेऊन पळाले. हे त्यांनी १९२५ साली एका गिर्यारोहण क्लबच्या वार्षिक सभेत सांगितलं. सभेने ते ऐकून घेतलं आणि ते छापलं गेलं. त्यांना कुणी खुळं ठरवलं नाही आणि तिथे देऊळही बांधलं नाही.

आता सह्याद्री. महाबळेश्वरपासून कोयनेच्या दोन्ही बाजूंनी खाली वारणेच्या खोऱ्यापर्यंत जो डोंगर जातो, त्यात वस्ती करून असलेल्यांची मोजदाद केली तर स्कॉटलंड मागे पडेल. साती आसरा पाण्याच्या. डोहात, डोंगरातल्या टाक्यात, विहिरीच्या कोनाड्यात त्या असतात. शब्द 'अप्सरा'वरून आला, पण या नाचत नाहीत. पाण्याशी उद्धटपणा केला की धरतात. तो आठवा दगड म्हसोबाचा, त्यांचा राखणदार. वेताळ भुतांचा राजा. अमावास्येच्या रात्री समोरच्या डोंगरावर ओळीने दिवे सरकताना दिसले की ती त्याची पालखी. कोकणात आरवलीच्या वेतोबाला चपलांचे जोड वाहतात, कारण तो रात्रभर हिंडतो आणि चपला झिजतात. वाघजाई घाटाच्या तोंडाशी बसते. भोरवरून महाडला उतरणाऱ्या वरंध घाटातली सगळ्यांना ठाऊक आहे. पाटण, जावळी, वाईकडच्या खिंडींमध्ये तिची ठाणी जागोजाग आहेत. जाखाई-जोखाई आहेत. ज्या 'यक्षिणी'पासून जाखाई झाली, त्याच शब्दाची जखीण झाली. एकीला देऊळ मिळालं, दुसरीला झाडावर राहावं लागलं.

आणि चकवा आहे. मला सगळ्यात आवडणारा. त्याला रूप नाही, दात नाहीत, तो कुणाला खात नाही. ओळखीची वाट, ओळखीचं झाड, तासभर चालायचं आणि पुन्हा तेच झाड. 'चकवा लागला' म्हणतात, जसं ऊन लागतं किंवा पाणी लागतं तसं. आमच्या घरात सांगत, चकवा लागला की चालायचं नाही, जागेवर बसून राहायचं, तांबडं फुटलं की वाट आपोआप दिसते. आयर्लंडमध्ये हुबेहूब हीच गोष्ट आहे. तिथे गवताच्या एका ढेकळावर पाय पडला की माणूस आपल्याच रानात रात्रभर फिरतो. त्यांचा उपाय वेगळा : अंगातला कोट काढून उलटा करून घालायचा.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे आणि तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. यांतलं कुणीच 'सगळीकडे' नसतं. देव सगळीकडे असतो, पुराणातला राक्षस त्रैलोक्यात हिंडतो. डोंगरातल्या या मंडळींना मात्र ठावठिकाणा असतो. चकवा रानात सगळीकडे लागत नाही; दोन ओढ्यांच्या मधल्या अमुक पठारावर लागतो. आसरा याच डोहाच्या. खालच्या डोहात मुलं खुशाल पोहतात. 'कुठल्या वाघजाईला?' असं विचारावं लागतं, कारण अलीकडच्या खिंडीतली वेगळी आणि पलीकडची वेगळी. त्या बहिणी आहेत आणि त्यांचं आपसांत जमत नाही. लोककथेतला हा भाग गोष्टीची सजावट नाही, तो तिचा कणा आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी घाटवाटांनी पायी फिरून, देवींची ठाणी पाहून प्राचीन व्यापारी मार्गांचा माग काढू शकले, ते यामुळेच. शेंदूर फासलेला दगड ज्या जागी आहे तिथे तो का आहे, असं त्यांनी विचारलं. नुसती 'वाघजाई ही एक ग्रामदेवता आहे' अशी नोंद हातात असती तर काय माग लागणार होता?

आज हे पत्ते पुसण्याचं काम तीन बाजूंनी जोरात चालू आहे. तिन्ही बाजूंची माणसं स्वतःला परंपरेची प्रेमी म्हणवतात.

पहिली बाजू जीर्णोद्धारवाल्यांची. मुंबईत किंवा पुण्यात चार पैसे मिळवलेला गावकरी गावी येतो, त्याला वाघजाईचं उघड्यावरचं ठाणं बघवत नाही. भावना चांगली असते. मग स्लॅब पडतो, फरशी बसते, जयपूरकडून संगमरवरी अष्टभुजा मूर्ती येते, आणि जुना तांदळा मूर्तीच्या पायाशी किंवा पाठीमागे जातो. फलकावर नावाआधी 'दुर्गा' लागतं. पुढच्या वर्षी नवरात्रात व्याख्याते येतात आणि सांगतात की वाघजाई हा पार्वतीचा अवतार. संपलं. खिंड, वाघ, तो कुणाला दिसला, कुणाचं गुरू गेलं, कुणी काय बोललं, बहिणीशी भांडण कशावरून झालं, यांतलं काही त्या गोष्टीत मावत नाही. पार्वतीची गोष्ट केदारनाथपासून रामेश्वरपर्यंत एकच आहे. मोठी गोष्ट आली की लहान गोष्टीला जागा राहत नाही.

दुसरी बाजू भयकथावाल्यांची. यूट्यूबवर घाटांची नावं शोधून बघा : काळी पार्श्वभूमी, पांढरी साडी, आणि 'सत्य घटना'. घाट कुठलाही असो, बाई तीच. आंबेनळी, कुंभार्ली, पसरणी, तिन्ही ठिकाणी ती गाडीला हात करते. ही बाई आपली नाहीच. रस्त्यात लिफ्ट मागणारी भुताटकी अमेरिकेपासून जपानपर्यंत मोटारीबरोबर फिरलेली आहे. छापील भयकथेचंही फार वेगळं नाही. नारायण धारप मला प्रिय आहेत, पण त्यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या कादंबरीवरून आली आहे. 'तुंबाड' हा उत्तम चित्रपट २०१८ साली आला. त्यातला हस्तर आपल्या कुठल्याही लोककथेत नाही. तो चित्रपटासाठी घडवला. कलावंताला ते स्वातंत्र्य आहे आणि असायलाच हवं. माझं म्हणणं वेगळं आहे. पाऊस, वाडा, कोकणाची माती हे सगळं इतक्या प्रेमाने उभं केल्यावर त्यात ठेवायला अस्सल कुणी हाताशी नव्हतं, याचं आपल्याला काही वाटलं नाही. उलट आता मुलं विचारतात, हस्तरचं देऊळ कुठे आहे?

तिसरी बाजू सगळ्यात सभ्य आहे, म्हणून तिचा मला सगळ्यात जास्त राग येतो. 'आपल्या पूर्वजांना पर्यावरण कळत होतं' ही ती बाजू. देवराईत कुऱ्हाड चालवू नये म्हणून देवाची भीती घातली, पाणी घाण करू नये म्हणून आसरा निर्माण केल्या, रात्री जंगलात जाऊ नये म्हणून वेताळ. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात देवरायांचा अभ्यास केला तो झाडं मोजून, गावोगाव हिंडून, जबाबदारीने केला होता. व्हॉट्सॲपवर फिरते ती त्याची गोड केलेली आवृत्ती. तिच्यात पूर्वज म्हणजे कुणी धोरणी अधिकारी, त्यांनी बैठक घेऊन लोकांना फसवायचं ठरवलं. साती आसरा म्हणजे पाणलोट विभागातल्या सात कर्मचारी नव्हेत. लोकांना त्या खऱ्या वाटत होत्या, त्यांना लोक भीत होते, त्यांच्याशी लबाडीही करत होते. नवस बोलून विसरत होते, एका कोंबड्यावर दोघींना कटवत होते. हा सगळा व्यवहार गाळून फक्त 'संदेश' ठेवला की उरतो तो शाळेच्या भिंतीवरचा सुविचार.

आणि उपयोगाचा निकष लावायचा तर तो पुरता लावा. २००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगनच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य ढगाआड असताना जंगलात चालणारी माणसं खरोखरच गोल फिरली, आपल्याच वाटेला छेद देऊन गेली, आणि त्यांना पत्ताही नव्हता. म्हणजे चकव्याचा उलगडा झाला. मग उजाडेपर्यंत बसून राहायचा आमच्याकडचा उपाय शहाणपणाचा ठरला, पण आयर्लंडचा उलटा कोट? तो कुचकामी. म्हणून आयरिश लोकांनी तो वह्यांमधून खोडला नाही. उपयोगी भाग ठेवायचा आणि बाकीचा टाकायचा, अशी चाळणी त्यांनी लावली नाही, म्हणून आज त्यांच्याकडे सगळं आहे. उलगडा झाल्याने चकवा माझ्यासाठी लहान झाला नाही. माणसाच्या पायांची आणि डोळ्यांची एक खोड आपल्या लोकांनी नाव देऊन ओळखली होती, एवढं त्यातून कळलं.

आता चौथी बाजू. या यादीत मी ज्यांचं नाव घेईन असं अनेकांना वाटत असेल, त्यांचं मी घेणार नाही. विवेकवाद्यांनी आपली भुतं मारली, हे मला खोटं वाटतं. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम त्यांनी साताऱ्यात राहून राज्यभर नेलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. तो कायदा भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणाऱ्याला पकडतो. आजीने नातवाला चकव्याची गोष्ट सांगितली तर तिला पकडत नाही. ज्या बाईला चेटकीण ठरवून गावाबाहेर काढलं, तिच्या बाजूने उभं राहायचं असेल तर कायदा हवाच. मी तर म्हणेन, हे संकलन सुरू करायला साताऱ्याइतकी योग्य जागा नाही. भुतावर विश्वास न ठेवणारा माणूसच भुताची गोष्ट शांतपणे, पदरचं न घालता लिहून घेऊ शकतो. विश्वास ठेवणारा काही भाग घाबरून गाळतो, आणि भक्त लाजून.

लाजून काय गाळलं जातं, त्याचं एक उदाहरण देते. वाई तालुक्यात मांढरदेवच्या डोंगरावर काळूबाई आहे. २५ जानेवारी २००५ रोजी, पौष पौर्णिमेच्या यात्रेत तिथे चेंगराचेंगरी होऊन जवळजवळ तीनशे माणसं मेली. तेव्हापासून महाराष्ट्राच्या डोक्यात मांढरदेव म्हणजे तो दिवस. त्याआधीही शहरी लेखात मांढरदेव म्हणजे अंगात येणं आणि झाडाला ठोकलेले खिळे. त्याच डोंगरावर मांगीरबाबाचं ठाणं आहे. मांगीर कोण? मातंग समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले आहेत की किल्ल्याचा बुरूज, वाड्याची भिंत, तळ्याचा बांध टिकावा म्हणून ज्यांना पायात जिवंत गाडलं ते आमचे लोक, तेच मांगीर झाले. सातारा-सांगलीकडे मांगीराची ठाणी गावोगाव सापडतात. कागदपत्रांत या माणसांची नोंद कुणी कशाला करेल? नोंद दगडात आहे आणि गोष्टीत आहे. बाकीची यादीही या दृष्टीने वाचून बघा : बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा मुंजा होतो, ज्याचं कुणी केलं नाही तो समंध होतो. ज्यांचा हिशेब अर्धा राहिला त्यांची ही वही आहे. मांगीरबाबाला 'शिवगण' म्हणून देवळाच्या एका कोपऱ्यात बसवलं की वहीतलं ते पान फाटतं. परंपरा जपली असं वर म्हणता येतं.

हे सगळं मी आत्ताच का म्हणते आहे, याचं कारण कोयना आणि चांदोली. १९५०च्या आणि ६०च्या दशकांत कोयनेचं धरण झालं, शिवसागराच्या पाण्याने गावं उठली आणि माणसं सांगली, सोलापूर, ठाणे, रायगड अशी विखुरली. पुढे वारणेवर चांदोली धरण झालं, मग अभयारण्य, २००४ साली राष्ट्रीय उद्यान, आणि २०१० साली कोयना नि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. पुन्हा गावं उठली. आता ताडोबा-पेंचकडचे वाघ आणून इथे सोडायची योजना सुरू झाली आहे. वाघ येतोय याचा मला आनंदच आहे. पण वाघजाईच्या माणसांना तिच्या खिंडीत जायला वनखात्याची परवानगी लागते, आणि वाघ मात्र सरकारी गाडीतून येतो, यातली गंमत मला एकटीलाच दिसते असं वाटत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या एका पुनर्वसित गावठाणात, सपाट उसाच्या रानात, मी वाघजाईचं देऊळ पाहिलं. ओट्यावर बसलेल्या आजींना विचारलं, 'आजी, ही वाघजाई कुठली?'

'कोयनंकडली. येताना संगं आणली की.'

'मग इथं काय करते ती?'

आजी हसल्या. 'काय करणार गं पोरी? हितं खिंड न्हाई, वाघ न्हाई. बसून असती.'

मग पाऊण तास त्यांनी मला पाण्याखाली गेलेल्या त्यांच्या गावाचा डोंगर सांगितला. कुठल्या कड्याखाली गुरं न्यायची नाहीत, कुठल्या टाक्याचं पाणी घेताना बोलायचं नाही, कुठे कुणाची सासू चकव्यात सापडली होती. एकेका जागेला नाव होतं. ती नावं कुठल्याही नकाशावर नाहीत. त्यांचा नातू शेजारी बसून मोबाइल बघत होता, आणि मध्येच मान वर करून म्हणाला, 'हे तू मला कधी सांगितलंच नाहीस.' आजी म्हणाल्या, 'तू कधी इचारलंस?'

कोयनेचा तो डोंगर स्वतःच्या पायांनी हिंडलेला माणूस आज सत्तरीच्या पुढेच असणार. म्हणजे आपल्या हातात फार तर दहा वर्षं आहेत.

यात फक्त हळवेपणा आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक रोकडा मुद्दा. २००६चा वनहक्क कायदा आहे. जंगलावर आपला पूर्वापार हक्क होता हे सिद्ध करायला कोणते पुरावे चालतील, ते त्याच्या नियमांत लिहिलं आहे. त्यात सरकारी कागद आहेत, तसंच दावेदार सोडून इतर वृद्धांचं, लेखी स्वरूपात आणलेलं निवेदनही आहे. सामूहिक हक्काच्या बाबतीत पवित्र झाडं, देवराया, तळी, दहन-दफनाच्या जागा यांचाही पुरावा म्हणून उल्लेख आहे. म्हणजे 'या टाक्यावर आमच्या आसरा आहेत, दर वर्षी आम्ही त्यांना बांगड्या वाहायचो' हे वाक्य आजीच्या तोंडात असेपर्यंत गोष्ट असते. तारीख आणि ठिकाणासह लिहून घेतलं की त्याला वजन येतं. 'डोंगरात भुतं असतात' या वाक्याला कुठल्याच कचेरीत किंमत नाही. पत्त्याने एवढा फरक पडतो.

आपल्याकडे कुणी काहीच केलं नाही, असंही नाही. मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींचे गुजरात आणि कोकण असे दोन खंड १९१४-१५ साली निघाले. त्यांचा कच्चा माल गावोगावच्या शाळामास्तरांनी प्रश्नावलीला दिलेल्या उत्तरांचा होता, आणि तळटीपेत मास्तरांच्या गावाचं नाव असे. तो माल जमवला होता ए. एम. टी. जॅक्सन यांनी, ज्यांना १९०९ साली नाशिकात अनंत कान्हेऱ्यांनी गोळी घातली तेच कलेक्टर. घाटमाथ्याचा स्वतंत्र खंड मात्र निघाला नाही. सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी राज्याच्या लोकसाहित्य समितीतर्फे खंडामागून खंड काढले. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गावाच्या आणि गाणारणीच्या नावासह जमवल्या. काम कसं करावं याचा तो वस्तुपाठ आहे. गुंथर सोंथायमर हा जर्मन माणूस धनगरांबरोबर हिंडला, आरेवाडीच्या बिरोबाच्या बनापर्यंत गेला आणि आपल्या मेंढपाळांचे देव त्याने जगाला समजावून सांगितले. त्याचं ऋण आहेच. पण शिवाजी विद्यापीठ त्या बनापासून काही तासांवर आहे, हेही नमूद करून ठेवते.

ओव्या जमवल्या, म्हणी जमवल्या, सणवार जमवले. डोंगराची गोष्ट जागेवर जाऊन, जागेच्या नावासह गोळा करायचं काम त्या मानाने मागे राहिलं. त्याला पैसे फार लागत नाहीत, वह्या लागतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्या निमित्ताने जे सत्कार आणि परिसंवाद होत आहेत त्यातल्या एकाच्या मंडपखर्चात दोन तालुक्यांच्या वह्या येतील. सातारा-सांगलीत जिल्हा परिषदेच्या शाळा वाडीवाडीवर आहेत. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या शेकडो शाखा आहेत, आणि ज्यांच्या घरात कधी कुणी लिहिलं नव्हतं त्यांच्या मुलांच्या हातात लेखणी देण्यासाठीच ती संस्था निघाली होती. त्या लेखणीने आता घरातल्या न लिहिणाऱ्यांचं लिहून घ्यावं, इतकीच मागणी आहे.

आयरिश लोकांच्या चुका मात्र घेऊ नयेत. त्यांनी खेड्याला डोक्यावर घेतलं आणि शहराला विसरले, शेतकऱ्याच्या चुलीशी जास्त बसले आणि भटक्यांच्या कमी. आपल्याकडे हाच प्रकार सहज होईल : पाटलाच्या ओसरीवर बसून गावाची गोष्ट लिहून आणली जाईल, आणि मांगीराची गोष्ट सांगणारा दारापर्यंतही येणार नाही. म्हणून वही प्रत्येक आळीत जायला हवी, धनगरवाड्यावर आणि पुनर्वसित गावठाणातही. दुसरी खबरदारी मास्तरांनी घ्यायची. मुलाने 'आमी' लिहून आणलं तर 'आम्ही' करायचं नाही, आणि शेवटी तात्पर्य लिहायला सांगायचं नाही.

प्रश्न पाच पुरेत. त्या जागेला काय म्हणतात? तिथे कोण असतं? ते कुणी पाहिलं किंवा कुणाला लागलं? त्याला काय द्यायचं आणि काय करायचं नाही? आणि हे तुम्हाला कुणी सांगितलं?

शासनाचा आदेश निघेपर्यंत थांबायची गरज नाही. हे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांचं तरी गाव घाटाच्या आसपास असेल आणि त्या गावात सत्तरीच्या पुढचं कुणीतरी अजून बसलेलं असेल. सुट्टीत जाल तेव्हा फोनवर रेकॉर्डिंग सुरू करून पहिला प्रश्न विचारा. उत्तर लिहिताना वर गावाचं, वाडीचं आणि सांगणाऱ्याचं नाव घाला, खाली तारीख. भुतावर तुमचा विश्वास आहे की नाही, हे तुम्हाला कुणी विचारणार नाही. पत्ता मात्र विचारतील.